एलियेत आत्याचे तेरा डबे

माझ्या एलियेत आत्याने जन्मात एकदाच भर पंगतीत खोटं सांगितलं, आणि ते खोटं होतं हे पुढे मीच सगळ्यांसमोर सिद्ध करून दाखवलं. तिच्या भल्यासाठी करते आहे, असं मला तेव्हा वाटत होतं.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती टेकडीपलीकडे नवऱ्याच्या, फेर्नांच्या, घरात गेली. पहिल्याच नोव्हेंबरात सासूने तिला कोठारात नेलं, लाकडी खोक्यावर बसवलं, गुडघ्यांमध्ये एक हंसी दिली आणि म्हणाली, "हाताने बघ. डोळ्यांचा इथे काही उपयोग नाही." त्यानंतर सदतीस हिवाळे आत्याने हातानेच बघितलं. सासू गेली, पाठोपाठ फेर्नां गेला. मुलगी बेरांजेर शाळेत, मग कॉलेजात, मग नोकरीला बाहेर पडली. आत्या मात्र दर वर्षी चोवीस हंसी पाळत राहिली आणि शरद ऋतू आला की फेर्नांची जुनी टोपी कानांवर ओढून कोठारात बसत राहिली.

हंसीला मका भरभरून तिची कलेजी मोठी आणि चरबीदार करायची, तीच बाजारात विकायची; काम तसं सोपं दिसतं. हंसीची मान डाव्या हाताने वर सरळ करायची, नरसाळ्याची लांब नळी घशातून अलगद खाली सोडायची, उजव्या हाताने दांडी फिरवून भिजवलेला कोमट मका उतरवायचा. पण नळी घालण्याआधी गळ्याखालची पिशवी चाचपायची असते. मागच्या वेळचा मका तिथे अजून दाणेदार लागत असेल, तर त्या हंसीला सोडून द्यायचं. आत्या म्हणायची, "जा बाई, तुझं पोट भरलंय," आणि पुढची ओढायची. हे न चाचपता भरणारी बाई एक तर हंसी मारते, नाहीतर कलेजी घालवते. शेवटचा दिवसही असाच बोटांनी ठरतो. दोन-तीन आठवडे भरल्यावर प्रत्येक हंसी आपापल्या दिवशी पिकते. कुणी अठराव्या, कुणी बाविसाव्या. पोटाखाली हात घातला की कळतं. त्या दिवशी थांबायचं. एक दिवस आधी थांबलं तर कलेजी लहान. दोन दिवस उशीर झाला तर कलेजीत इतकी चरबी साठते की ती तिला पेलत नाही.

आमच्या कास्तेलबेर गावात माझ्या लहानपणीच बहुतेकांनी हंसी सोडून बदकं धरली होती. बदकाला दिवसातून दोनदा भरलं की झालं, पंधरवड्यात काम उरकतं, यंत्रही चालतं. हंसीला तीन-चार वेळा लागतं आणि तिला अनोळखी हात चालत नाही. आत्याला बदकांचा राग होता असं नाही. ती त्यांना हसायची. "बदक म्हणजे गळकं भांडं," ती म्हणायची. "हंसीइतकाच मका खातं, हंसीइतकीच चरबी साठवतं, पण धरून ठेवत नाही. चुलीवर चढवलं की निम्मं पळालंच."

ते खरंही होतं. दोघांच्या कलेज्या एकाच कढईत ठेवल्या तर बदकाची वितळून आटते, भोवती पिवळं तळं होतं; हंसीची आपलं अंग सोडत नाही, तशीच गुलाबी, घट्ट, लोण्यासारखी राहते. सोमवारच्या बाजारात आत्याच्या टेबलासमोर विक्री सुरू झाल्याची शिट्टी व्हायच्या आधीच लोक उभे राहायचे, ते यासाठी. दुसऱ्याच्या टेबलावरची कलेजी घेऊनसुद्धा लोक तिच्याकडे यायचे. "एलियेतबाई, जरा बघा." ती अंगठा टेकवायची, उचलायची, आणि खड्डा किती सावकाश भरतो यावरून सांगायची, ही धरेल की सोडेल.

बेरांजेरचं लग्न ठरलं ते लांदमधल्या एका घरात. लांद म्हणजे तिकडची सपाट, पाइनच्या जंगलांची बाजू, आणि तिथे घरोघर बदकं. नवरामुलगा जिल, त्याच्या घरी तर तीन पिढ्या तोच धंदा. साखरपुड्याच्या जेवणात आत्याने तिथेच, त्यांच्याच टेबलावर, त्यांचीच कलेजी खाताना ते गळक्या भांड्याचं सांगितलं. आम्ही सगळे ताटात बघू लागलो. जिलची आई रेमोंद, ऐसपैस अंगाची, मोठ्या आवाजाची बाई, खो खो हसली.

"पळू दे की हो विहीणबाई! पळालेल्या त्या चरबीतच आम्ही बटाटे तळतो. तुमच्या हंसी घट्ट धरून बसतात, मग तुमच्याकडे बटाटे उकडूनच खायचे का?"

"लग्नात खाऊन बघा," आत्या म्हणाली. "मग बोला."

आमच्याकडे मुलीच्या लग्नात हंसाची कलेजी मुलीच्या आईने द्यायची असते, आणि डबे तिने स्वतः, प्रत्येक टेबलापाशी जाऊन, पाहुण्यांच्या देखत उघडायचे असतात. पत्र्याचे डबे; कलेजी कच्ची भरून, झाकण कायमचं बसवून मग उकळायचे, त्यामुळे आत ती कशी शिजली ते उघडेपर्यंत कुणाला दिसत नाही, करणारीलाही नाही. त्या जानेवारीत आत्याने तेरा डबे भरले. बारा टेबलं होती, एक डबा जास्तीचा. प्रत्येक झाकणावर तिने खडूने लिहिलं होतं: हंस.

लग्न जूनमध्ये झालं, गावच्या सभागृहात. आत्या निळा पोशाख घालून, हातात डबा उघडायची किल्ली घेऊन पहिल्या टेबलापाशी आली. तिथे नवरा-नवरी, रेमोंद, तिचा नवरा, मेअर आणि मी. आत्याने डबा उघडला आणि ताटलीत पालथा केला.

आधी पिवळी चरबी पडली. जाडच्या जाड, तीन बोटं. मग तिच्यावर एवढीशी, करड्या रंगाची, कडेने भुगा सुटत असलेली कलेजी घसरली आणि कलंडली.

रेमोंदच्या नवऱ्याने शीळ घातली. रेमोंद पुढे वाकली, बघितलं, आणि टाळ्या वाजवत ओरडली, "अहो, हे तर आमच्याकडचे पाहुणे! विहीणबाई, मला न विचारता माझं बदक लग्नाला बोलावलंत होय!"

सगळं टेबल हसलं. शेजारच्या टेबलावरून एक म्हातारे म्हणाले, "काय गं एलियेत, भांडं गळलं की काय?" आणि ते टेबलही हसलं. मला वाटलं, आत्या आता काहीतरी खणखणीत उत्तर देईल. ती ताटलीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. माणूस उंचावरून खाली बघतो तसं ती बघत होती.

रेमोंदचं हसू ओसरलं. तिला वाटलं थट्टा लागली असावी. ती हळू आवाजात म्हणाली, "नाही, म्हणजे... बदकच आहे ना?"

"हो," आत्या म्हणाली. "बदक."

"पण आई, डब्यावर तर तू..." बेरांजेर म्हणाली.

"मीच लिहिलं. हंसी कमी पडल्या यंदा. बाजारातून बदकाच्या घेतल्या नि भरल्या." ती सरळ उभी होती. "कळणार नाही असं वाटलं."

हसणं एकदम थांबलं. विनोद करणं वेगळं आणि कबुली ऐकणं वेगळं. बेरांजेरने हातातला रुमाल टेबलावर ठेवला. आत्या किल्ली घेऊन दुसऱ्या टेबलाकडे गेली, मग तिसऱ्या. बाराही डबे तिने स्वतः उघडले, बाराही तसेच निघाले, आणि प्रत्येक टेबलापाशी तिने विचारायच्या आधीच सांगितलं, "बदक आहे. माफ करा."

मी एक घास घेतला होता. भुगा झाला होता, तूप निघून गेल्यासारखा कोरडा होता, पण जिभेवर जे आलं ते बदक नव्हतं. बदकाला एक रानवट, उग्र वास असतो. हे सौम्य होतं, अक्रोडासारखं. मी बाजूच्यांकडे बघितलं. सगळे खात होते आणि माना हलवत होते, हो, बदकच. डोळ्यांनी एकदा ठरवलं की जीभही तेच म्हणते.

उरलेला तेरावा डबा मी आवराआवरीत माझ्या पिशवीत टाकला. का, ते तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आत्याचं नाव गेलं. कुणी तोंडावर काही बोललं नाही. गावात असंच असतं. तुलूझच्या ज्या हॉटेलचा आचारी वीस वर्षं तिच्याकडून हंसाची कलेजी नेत होता, त्याने यंदा नको असं एका ओळीचं पत्र पाठवलं. साहजिकच होतं, एका लग्नात फसवलं तर वीस वर्षांत किती वेळा फसवलं असेल, असा हिशेब प्रत्येकाच्या मनात आपोआप सुरू झाला. सगळ्यांत जास्त जखम बेरांजेरला झाली. लांदमध्ये दिराच्या मुलांनी तिचं नाव बदकीण पाडलं होतं. ती आईला फोन करेनाशी झाली. मी तिला एकदा म्हटलं, "मला नाही वाटत ते बदक होतं," तर ती म्हणाली, "मायलिस, तिने स्वतः सांगितलं. बारा वेळा सांगितलं. माझ्या लग्नात. आता तू तिची वकिली करू नकोस."

मी सप्टेंबरात आत्याला विचारलं. ती अंगणात बसून शेंगा सोलत होती. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर भाजल्याचे फोड होते, जुने आणि नवे.

"आत्या, ते बदक नव्हतं."

"तुझी जीभ शहरात बिघडली."

"मग इतकी लाज कशाला ओढवून घेतलीस?"

"लाज माझी आहे ना?" ती म्हणाली. "तुला तिचं काय काम? शेंगा सोल, नाहीतर उठ."

शेंगांचे निम्मे दाणे तिच्या हातून जमिनीवर पडत होते. मी ते बघत होते. आता वाटतं, तेवढं पुरेसं होतं कळायला. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली होती: कुणीतरी आत्यावर अन्याय केला आहे, आणि ते कुणीतरी आत्याच असली तरी अन्याय तो अन्यायच.

तुलूझला माझ्या वसतिगृहात यान नावाचा एक मुलगा होता. तो पशुविज्ञान शिकत होता आणि त्यांच्या प्रयोगशाळेत याच गोष्टीवर काम चालू होतं: एकाच कोठारात, एकच मका घालून हंसी आणि बदकं भरायची आणि दोघांच्या यकृतात काय काय साठतं ते मोजायचं. मी त्याला डबा दिला. तीन आठवड्यांनी त्याने मला बोलावलं.

"हंस," तो म्हणाला. "शंभर टक्के."

मी त्याला मिठीच मारली. तो लाजला आणि मग त्याच्या आवडीचा विषय असल्यामुळे समजावू लागला. चरबी दोघांतही यकृताच्या निम्म्याहून जास्त असते; पण चरबी म्हणजे एकच पदार्थ नव्हे, तिचे घटक असतात आणि त्यांचे वाटे हंसीत आणि बदकात थोडे थोडे वेगळे. त्यावरून ओळख पटते. आणि चरबी कशी ठेवलेली असते तेही वेगळं. बदकाच्या पेशीत ती सैल असते, उष्णता लागली की बाहेर येते. हंसीच्या पेशी तिला जास्त चांगलं धरतात.

"मग या डब्यात एवढी सुटली कशी?" मी विचारलं.

"तेच लिहिलंय खाली." त्याने कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "हंसीची सुद्धा मर्यादा असते. ही तिच्या पलीकडे गेलेली. दोन-तीन दिवस आधी थांबायला हवं होतं. कोण भरतं गं तुमच्याकडे? नवीन आहे का कुणी?"

"नाही," मी म्हणाले. "सदतीस वर्षं भरते आहे."

"मग काय झालं असेल?"

मी खांदे उडवले. कागदाची घडी घातली. खालच्या ओळी मी वाचल्याच नव्हत्या असं म्हटलं तर ते खोटं होईल. वाचल्या होत्या. गाडीत बसून दोनदा वाचल्या. पण वरची ओळ इतकी हवी होती की खालच्या ओळींचा अर्थ लावायची मी तसदी घेतली नाही. दोन-तीन दिवस उशीर, त्यात काय मोठं? मी भरवणारी नव्हते. माझ्यासाठी ती बारीकशी चूक होती, आणि चोरीपुढे चूक म्हणजे काहीच नाही.

सर्व संतांच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, आमच्याकडे सगळे कबरींवर शेवंती ठेवायला जमतात आणि मग एकत्र जेवतात. त्या वर्षी बेरांजेर आली ती जिलच्या आग्रहाने. आणि रेमोंदही आली, कारण तिला या दुराव्याचं वाईट वाटत होतं. थट्टा तिनेच सुरू केली होती. फेर्नांच्या कबरीपाशी तिने आत्याच्या हातातली कुंडी घ्यायला हात पुढे केला. "द्या हो, जड आहे." आत्याने दिली नाही.

जेवण आत्याच्या स्वयंपाकघरात झालं. सूप, मग भाजलेली कोंबडी. कोठारात त्या वर्षीच्या हंसी भरायला घेऊन वीस दिवस झाले होते. आत्या सकाळपासून दोनदा उठून जाऊन आली होती. टेबलावर कुणी कलेजीचं नाव काढत नव्हतं. बेरांजेर आईशी "मीठ दे" यापलीकडे बोलत नव्हती.

चीज आलं तेव्हा मी कागद काढला.

"मला एक सांगायचंय," मी म्हणाले. माझा आवाज आनंदाने कापत होता. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. "लग्नातला तेरावा डबा माझ्याकडे होता. तो मी तुलूझला तपासून घेतला. हा त्यांचा कागद. ते बदक नव्हतं. हंस होता. आत्याने कुणालाही फसवलेलं नाही."

जिलने कागद घेतला. बेरांजेर आईकडे बघू लागली. "आई?"

आत्या ब्रेडचा तुकडा हातात धरून बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, तिला भरून आलं असेल.

बोलली ती रेमोंद. पण तिचा नेहमीचा आवाज नव्हता. "हंस?" ती म्हणाली. "आणि तेवढी चरबी?" ती थांबली. मग मी बघितलं, तिची नजर कागदावर नव्हती. आत्याच्या हातांवर होती. ब्रेड धरलेल्या बोटांवर, फोडांवर. रेमोंद तीस वर्षं बदकं भरत होती. तिला कागदाच्या खालच्या ओळी वाचायची गरज नव्हती.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. विहीणबाई नाही, अहो नाही. "कधीपासून?"

जिलने कागद उलटा करून ठेवला.

"दोन वर्षं," आत्या म्हणाली. "आधी टोकं. आता इथपर्यंत." तिने तळहाताची मधली रेघ दाखवली. "मका असतो की नाही, कळत नाही. नरसाळ्याची दांडी जड झाली की समजायचं, पुरे. मागच्या जानेवारीत दोन गेल्या, गळ्यातच. थंडीने गेल्या म्हणून सांगितलं मी सगळ्यांना. बाकीच्यांचे दिवस मी डोळ्यांनी धरले. चोच पांढरी दिसली की थांबायचं, असं." ती किंचित हसली. "डोळ्यांनी."

"आई, मग तू बदक का म्हणालीस?" बेरांजेरचा आवाज चिरकला. "मी तुला पाच महिने चोर समजले. तिकडे सगळे समजले. का?"

"चोराला कुणी हात दाखव म्हणत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे चोर म्हणतात नि सोडून देतात," आत्या म्हणाली. "यंदा थोडं ऐकून घेतलं असतं, पुढच्या वर्षी चांगल्या निघाल्या असत्या, तर लोक विसरले असते. चोरी विसरतात लोक. एलियेतला हंसी कळत नाहीत, हे नसतं कुणी विसरलं." मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "पोरी, तुला कुणी विचारलं होतं?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा, "मला वाटलं..." एवढंच.

"मग आता या चोवीस," रेमोंद म्हणाली. "या कशा चालल्यात?"

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजत आले होते आणि कोठारातून हंसींचा आवाज येऊ लागला होता. त्यांना वेळ कळते. रोज चारला आत्या उठायची. तीही उठली, टोपी घातली, आणि मग टेबलाची कड धरून उभीच राहिली. आमच्या सगळ्यांसमोर आता कोठारात जायचं कसं, हा प्रश्न तिच्या पाठीवर लिहिल्यासारखा दिसत होता. बेरांजेर रडत होती. मी ताटल्या गोळा करायला लागले, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

रेमोंदने बाह्या वर केल्या. "मी बदकवाली," ती म्हणाली. "मला हंसी कळत नाहीत. पण मका म्हणजे मका. मी चाचपते, तुम्ही सांगा."

"तुम्हाला त्या हात लावू देणार नाहीत."

"चावल्या तर चावल्या. मांस आहे भरपूर."

आत्या गेली. तिच्यामागे रेमोंद, आणि रेमोंदमागे बेरांजेर, नाक पुसत. मी कोमट मक्याची बादली उचलली. ते लहानपणापासून माझं काम. दारात आत्याने ती माझ्या हातातून घेतली. "राहू दे," ती म्हणाली, आणि बादली बेरांजेरकडे दिली.

मी दारातच उभी राहिले. आत्या खोक्यावर बसली नाही. तिने तिथे रेमोंदला बसवलं. पहिली हंसी रेमोंदच्या गुडघ्यांत फडफडली, चोचीने तिचा दंड धरला. रेमोंदने लांदकडची एक अस्सल शिवी दिली. आत्या खाली वाकली, तिने रेमोंदचा हात हंसीच्या गळ्याखाली नेऊन ठेवला आणि वरून आपला ठेवला.

"काय लागतं?"

"दाणे."

"किती?"

"पुष्कळ. मूठभर तरी."

"सकाळी भरली मी हिला," आत्या म्हणाली. "रिकामी समजून." "सोडा तिला. पुढची घ्या."

पुढचीतही दाणे होते. तिच्या पुढचीतही. सहाव्या हंसीच्या पोटाखाली रेमोंदने हात घातला आणि वर बघितलंच नाही. "ही आजची नाही," ती म्हणाली. "कालची होती. परवाचीसुद्धा असेल."

आत्याने मान हलवली. प्रत्येक हंसीगणिक तिला काय काय चुकलं ते मोठ्याने सांगितलं जात होतं, तिच्या मुलीसमोर, तिच्या विहिणीच्या तोंडून, तेही अत्यंत काळजीने, हळू आवाजात. चोवीसपैकी अकरांना त्या दिवशी भरायला नको होतं. हे तिने ऐकून घ्यायचं टाळलं होतं, बारा टेबलांपुढे माफी मागून टाळलं होतं. मी ते तिच्यासाठी तुलूझहून घडी घालून आणलं होतं.

सोमवारी शेजारच्या गावातली एक भरवणारी बाई गाडी घेऊन आली आणि राहिलेल्या हंसी घेऊन गेली. गाडीत त्या आत्याला हाका मारत होत्या. आत्याने गाडीचं फळकूट स्वतः लावलं. खिटी बसली की नाही ते बोटांना कळेना, तेव्हा खाली वाकून डोळ्यांनी बघितलं. त्यानंतर ती बाजारात गेली. मी बरोबर गेले, तिने नको म्हटलं नाही. टेबल नव्हतं, माल नव्हता. ती नुसती प्रत्येकासमोर उभी राहिली आणि आपल्या हातांचं सांगत गेली. लोक लगेच विरघळले. "आम्हीच मूर्ख, एलियेतबाई, तुमच्यावर शंका घेतली," असं म्हणत ते तिचे हात हातात घेत होते, उलटे-सुलटे करून बघत होते, इथे दुखतं का, इथे टोचतं का विचारत होते. एकाने तर आपल्या मेहुण्याला हाक मारून दाखवले. जूनमध्ये त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली होती, तेव्हा ती इतकी लहान दिसली नव्हती.

बेरांजेर आता दर रविवारी फोन करते. रेमोंद अधूनमधून येते, बदकाची कलेजी आणते, आणि आत्या ती खाते. काही बोलत नाही.

बाजाराच्या त्या सोमवारी संध्याकाळी मला बसथांब्यावर सोडायला आत्या आली. हात कोटाच्या खिशात घालून उभी होती.

"त्या कागदाचं काय केलंस?" तिने विचारलं.

"फाडला," मी म्हणाले.

"बरं केलंस."

बस आली. मी तिच्या दोन्ही गालांचा मुका घेतला, खिडकीपाशी बसले आणि वळणापर्यंत हात हलवत राहिले. कागद माझ्या पिशवीत होता. वह्यांच्या मधे सपाट ठेवला होता, चुरगळू नये म्हणून.